चुकीच्या हाताची पट्टी

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर घाबरले, असं कुणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. जन्म गेला नवशिक्यांच्या शेजारी बसण्यात. भर चौकात गाडी बंद पडो की समोरून खांब अंगावर येवो, मास्तरांच्या कपाळावर आठी नसायची. किडन्यांनी हात टेकले तेव्हाही ते डॉक्टरांना म्हणाले होते, "चला, आता आपलीच सर्व्हिसिंग."

पहिले काही महिने डायलिसिस सुरळीत चाललं. मग एका सकाळी मशीनवर असतानाच त्यांचं बीपी धाडकन उतरलं. भराभर जांभया आल्या, कानात शिट्टी वाजली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा पाय वर, डोकं खाली आणि भोवती सगळी धावपळ. सिस्टरांनी बघता बघता सगळं ताळ्यावर आणलं. मास्तरांचं मन मात्र त्या अंधारीतच अडकून बसलं.

त्यानंतर शेजारच्याचं मशीन वाजलं तरी हे घामाघूम. डायलिसिसच्या आदल्या दिवसापासून घशाखाली घास उतरेना. बायकोला सांगायचं कसं? ती आधीच त्यांच्या काळजीनं अर्धी झाली होती.

शेवटी एक दिवस ते हॉस्पिटलच्या फाटकावरून सरळ पुढे निघून गेले आणि बागेतल्या बाकावर बसून राहिले. परतताना मेडिकलमधून कापूस, चिकटपट्टी घेतली, दंडावर नीट लावली आणि दमल्याचा चेहरा करून घरात शिरले.

बायकोनं एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"अहो, सुया डाव्या हाताला टोचतात ना?"

मास्तरांनी उजव्या दंडाकडे पाहिलं. थापा मारायची सवय नव्हती, त्यामुळे पहिलीच उघडी पडली.

"आज हात बदलला."

"हात बदलला की रस्ता बदलला?"

मास्तर मटकन खाली बसले. "अगं, भीती वाटते मला. तिथे डोळा लागला तर पुन्हा उघडणारच नाही असं वाटतं. पोरासोरांना धीर देणारा माणूस मी, हे कुणाला सांगू?"

तिला आलेला राग कुठल्या कुठे गेला. ती त्यांच्याजवळ टेकली. "मला सांगायचं. मी काय परकी आहे?" आणि डोळे पुसत तिनं हॉस्पिटलला फोन लावला.

"दांडी परवडणार नाही, अंगात पाणी साठेल," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच घेऊन या, मी जागा करते."

मशीन सुरू होऊन जरा वेळ झाला नाही तोच ते टीं टीं करू लागलं. सिस्टरांची नजर खाली गेली.

"काका, पाय कशावर दाबताय?"

मास्तर ओशाळले. "ब्रेकवर. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही असतो."

बायकोला हसू आवरेना. सिस्टरही हसल्या, पण स्टूल ओढून शेजारी बसल्या. "हात वाकलाय, नळी दबलीय, म्हणून वाजतंय. सरळ करा बरं." हात सरळ झाला, आवाज थांबला. "आणि त्या दिवशीसारख्या जांभया आल्या की लगेच हाक मारायची. शहाणपणा करून थांबायचं नाही."

डॉक्टरांनी पाणी जरा सावकाश काढायला सांगितलं आणि एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. "भीती हाही या दुखण्याचाच भाग आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळांना वाटते. सांगतात फार थोडे." श्वास कसा लांबवायचा, हेही त्यांनी शिकवलं.

भीती काही एका दिवसात पळाली नाही. मास्तरांनी साध्या जांभईलाही सिस्टरांना बोलावलं, आणि त्या दरवेळी तोंड वाकडं न करता आल्या. हळूहळू छातीतली धडधड उतरली. बायको सुरुवातीला शेजारी बसायची, पुढे पुढे फक्त न्यायला येऊ लागली.

एकदा ती आली तर शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त कंडक्टर बाई कुरकुरत होत्या, "तुमच्या मास्तरांना आवरा. यांच्या घोरण्यापुढे मशीनचा आवाज ऐकू येईना!"

मास्तर डोळे चोळत जागे झाले. बघतात तो सिस्टर सुया काढायच्या तयारीत.

"सिस्टर," ते म्हणाले, "आमच्या मुलीला मुलगी झालीय. तिच्याकडे चार दिवस जाऊन राहायचं म्हटलं, तर तिकडे डायलिसिसची सोय होईल का?"

बायको बघतच राहिली. "हे कधी ठरवलंत?"

"आत्ताच, जाग आल्यावर."

"होईल की," सिस्टर म्हणाल्या. "तिकडच्या सेंटरला मी फोन करते. कधी निघताय ते सांगा."