पाचच्या आत गंगरेल

वैशाली नगर ते गुंडरदेही

निघायचं रविवारी पहाटे होतं. आत्ता शुक्रवारची संध्याकाळ होऊ घातली होती. चौघंही वैशाली नगरच्या घरात पलंगावर सुगतच्या लॅपटॉपभोवती बसली होती, आणि धर्मेंद्रचं बोट नकाशावरून दुर्ग ओलांडून गुंडरदेहीला पोचलंही होतं.

"पप्पा, स्क्रीन को टच मत करो ना. दाग पडता है," सुगत म्हणाला.

"पडू दे. इंजिन चालवनाऱ्याचं बोट आहे."

धर्मेंद्र मालगाडीचा लोको पायलट. उभी हयात दुर्ग लाइनवर गेलेली. गंगरेल धरणाच्या पाण्याला गाडीनं पूर्ण फेरी मारायची, ही टूम त्याचीच. एरवी असल्या बेताला ममतानं दहा फाटे फोडले असते. या वेळी ती गप्प होती, आणि थोरली करिष्मा म्हणूनच आईकडे बघत होती. मम्मी गप्प बसली की घरात काहीतरी शिजत असतं.

"समोर करिष्मा बसन," धर्मेंद्र म्हणाला. "माह्या बाजूले."

"मम्मी तो हमेशा आगे बैठती है," सुगत.

"मले मांगंच बरं वाटते," ममता म्हणाली.

खोटं. मागं बसलं की तिला मळमळतं.

गुंडरदेही ते बालोद

नकाशावर इथं रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे कापलेल्या धानाची शेतं. सरळ रस्त्यावर जरा मागं वळून पाहता येतं.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की तो मोठ्यानं बोलायचा, आणि दुसऱ्यानं तोच परत बोलून दाखवायचा. ज्याला आधी दिसला तो आधी बोलणार. ही सवय धर्मेंद्रनं घरच्या गाडीतही आणली. पोरं रंग शिकली ती अशीच. चौक अजून लांब असायचा आणि पप्पा "हिरवा" म्हणून मोकळे. पोरं हिरमुसून मागून "हिरवा". त्यांना हरवणं कुणाला जमलं नव्हतं.

दिवाळीपासून करिष्मा जिंकत होती. "लाल," ती म्हणायची, आणि पप्पा मागून म्हणायचे, "लाल." बापापेक्षा आपली नजर तेज झाली, असं तिनं मैत्रिणीला, खुशबूला, फुशारकीनं सांगितलंही होतं.

मागच्या आठवड्यात सुपेल्याच्या चौकात ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. काही बोलली नाही. गाडी थांबलीच नाही. डावीकडून आलेल्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला.

"पिवळा होता," पप्पा म्हणाले होते.

लाल होता.

बालोद ते धमतरी

"धमतरीत जेवू. मंग धरण. पाचच्या आत मुक्कामावर," धर्मेंद्र म्हणाला.

"पाच? सनसेट कौन देखेगा? पलीकडच्या काठाहून दिसते पप्पा, लोग उसी के लिए जाते हैं."

"मुक्कामावरून पाह्य."

"मुक्कामाहून काय, सामनेवाले का गच्ची दिखेगा."

"अंधारात गाडी नाई चालवत मी."

"रातभर मालगाडी चालवता, आन अल्टोले घाबरता?" सुगत हसला. आपण एकटेच हसतोय हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

करिष्माला सुपेल्याचा ट्रक आठवला, मग "समोर करिष्मा बसन", मग पाचच्या आत, मग

धरण

"पप्पा, गाडी मी चालवते."

"कावून?"

"असंच."

"लायसन काल भेटलं तुले. जंगलचा रस्ता आहे."

"बरं, एक सांगा." तिनं खिडकीकडे हात केला. बाहेर ऊन उतरलं होतं. "समोरच्या छतावर सीमाकाकूच्या दोन ओढण्या वाळून राहिल्या. लाल कोन्ती, पिवळी कोन्ती?"

"हे काय लावलं तू?"

"सांगा ना."

"करिष्मा, चूप बस," ममता म्हणाली. फार पटकन म्हणाली.

धर्मेंद्र उठून खिडकीशी गेला. गजाला धरून बराच वेळ बघत राहिला. 

"डावी लाल."

सुगतनं पुढं वाकून पाहिलं. "पप्पा, दोन्ही तं पिव..."



पलीकडचा काठ

नकाशात इथं रस्ता तुटक आहे.

"मम्मीले माहीत आहे," करिष्मा म्हणाली. विचारलं नाही.

ममता चादरीची सुरकुती काढत बसली.

"सांजच्याले लाल न पिवळा एकच होते," धर्मेंद्र खिडकीकडे तोंड करूनच बोलला. "हिरवा समजते. रात्री अंदाज येते."

"अंदाज?"

"अमरदीप असते ना संग. असिस्टंट चांगला आहे. तो आधी बोलते, मी मागून बोलतो."

"त्याले सांगितलं?"

धर्मेंद्र खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसू लागला.

"त्यालेही वाटत असन पप्पा, का आपली नजर लय तेज झाली."

"तू जास्त शहाणपणा नको करू," ममता म्हणाली. "पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. त्यात निघनच. मंग गाडीहून उतरवतील, कुठंतरी टेबलावर बसवतील. तोवर तं राहू दे मानसाले सुखानं."

"तोवर किती गाड्या, मम्मी?"

धर्मेंद्र वळला. "म्हनून तं म्हटलं, एक फेरी मारून घेऊ. डायवर आहो तोवर. तुमाले सगळ्याईले बसवून, पुरं पानी फिरवून आनतो म्हटलं." तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. "तेवढंच."

 क्षणभर करिष्माला वाटलं, बसावं समोर, बोलावेत सिग्नल, काय बिघडतं. तेवढ्यात पलंगावरचा फोन वाजला. लॉबीचा होता, म्हणजे गाडीवर चालक नेमणाऱ्या रेल्वेच्या ऑफिसचा. ड्यूटीचा बुलावा.

परतीचा रस्ता

"दे," धर्मेंद्र म्हणाला.

तिनं दिला, पण स्पीकर सुरू करून दिला.

"धर्मेंद्र जी, कोयला लोड है, आ जाइए. अमरदीप छुट्टी पर गया, उसके घर में कुछ हो गया. नया असिस्टेंट दे रहे हैं साथ में."

"नवा?"

"अभी ट्रेनिंग से आया है. आप हो तो टेन्शन नहीं, सिखा देना."

धर्मेंद्रनं ममताकडे पाहिलं, मग पोरांकडे. फोन धरलेला हात खाली येत येत छातीपाशी थांबला.

"साहब, गाड़ी नहीं ले पाऊँगा."

"तबियत?"

"सिग्नल का रंग पकड़ में नहीं आ रहा."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. बोलणाऱ्याचा आवाजही बदलला.

"कब से?"

ममता झटक्यात उठली. तिनं नवऱ्याची बाही धरली आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. आज. आजपासून. त्या एका शब्दावर सगळं निभावलं असतं: आज त्रास झाला, आजच कळवलं, मागचं कुणी उकरत बसणार नव्हतं. एवढ्या जवळून त्याला तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. करिष्मालाही दिसत होते.  पण या वेळी आधी बोलणं तिचं नव्हतं, पप्पांचं होतं.

"दिवाली के पहले से," धर्मेंद्र म्हणाला.



"लाइन पे रहना," आवाज म्हणाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि लांब कुणीतरी कुणालातरी हाक मारली.

धर्मेंद्र फोन धरून उभा राहिला. ममतानं त्याची बाही सोडली नव्हती.