म्हाताऱ्याच्या पाकिटातली गोळी

तिसरा महिना सरायच्या आतच माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी साक्षीचं रक्त काढून मुंबईला धाडलं. तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा म्हणाल्या, "आता सगळं ठीक आहे. पण पुढे रक्तदाब चढायची भीती आहे. रोज रात्री ही गोळी घ्यायची."

"आता ठीक हाय, मग पुढचं रक्ताला कसं कळलं?" सासू जनी एसटीत बसल्यापासून धुमसत होती. घरी येऊन तिने पाकीट निरखलं आणि थबकली. हीच बारकी पांढरी गोळी तिचा नवरा कोंडाजी काळजाचा झटका येऊन गेल्यापासून घेत होता.

"म्हाताऱ्याची गोळी पोटुशीला? कायतरी काळंबेरं हाय." तिने पाकीट तांदळाच्या कणगीत खुपसलं. "नवऱ्याला फोनवर बोलू नको. रितेश न्हावा शेव्यातनं काम टाकून पळत येल."

"बरं, आई," साक्षी इतक्या पटकन म्हणाली, की जनीला तेही खटकलं.

पुढे कोंडाजीचं पाकीट लवकर संपू लागलं.

"दोनदा खाता काय?"

"व्हय, गोड लागतात," म्हातारा म्हणाला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर जनी पडवीत गेल्यासारखं करून दाराआड उभी राहिली. कोंडाजीने गोळी काढली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली.

"डॉक्टरीण परकी," जनी आत येत कडाडली, "पन तुमी सुदिक?"

साक्षीने मूठ मिटली. कोंडाजी मात्र शांतपणे म्हणाला, "आमची यमू आठवते? आठव्यात असाच रक्तदाब चढून झटके आले. भगत तांदूळ टाकत बसला आनि माझी बहीण गेली. रक्त खोटं बोलत असंल तर गोळी फुकट जाईल. खरं बोलत असंल तर?"

जनी खाली बसली. यमूला शेवटचं न्हाऊ तिनेच घातलं होतं. सुजलेल्या बोटांत जोडवी इतकी रुतली होती, की निघाली नव्हती.

तिने कणगीत हात घालून पाकीट काढलं. "ह्यांच्यातली घेऊ नको. ह्यांना कमी पडंल."

साक्षीने गोळी गिळली.

"तोंड उघड. जीभ वर कर."

"गिळली, आई!"

जनीचा भरवसा बसला नाही. डॉक्टरणीवरही नाही, रक्तावरही नाही. तिने साक्षीचा पाय मांडीवर ओढला आणि जोडवं बोटात फिरवून पाहिलं. सैल होतं.

"उद्या परत बघीन," ती म्हणाली.