धाकटीची गाठ

डॉक्टर साक्षीनं जिवनबाईच्या गालात बोट घालून चाचपलं आणि हातमोजा काढता काढता ती हसली.

"विरतेय. निम्मीसुद्धा राहिली नाही."

स्टुलावर बसलेल्या अनुसयाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिचा गाल मघाशीच तपासून झाला होता. तेव्हा डॉक्टर हसली नव्हती.

दोघी जावा, जिवनबाई धाकटी. हट्टा गावात एकाच चुलीवरचं जेवल्या, एकाच डबीतली तंबाखूची मिश्री दातांना लावली, आणि गाठीही दोघींच्या गालातच निघाल्या. नांदेडच्या दवाखान्यात नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. त्यात दोघींना घेतलं.

"मॅडम, माजीच काहून विरंना?"

डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढली. "जखम झाली की रक्तातली काही द्रव्यं तिथं सूज आणतात, अंगातल्या राखणदार पेशींना बोलावून घेतात. जखम भरली की सूज उतरायला हवी. गाठ ती उतरू देत नाही. त्याच सुजेवर पोसते आणि राखणदारांना गुंगवून ठेवते. हे औषध त्यांना जागं करतं. यांचे जागे झाले. तुमचे का होत नाहीत, तेच आम्ही शोधतोय."

मग ती जिवनबाईकडं वळली. "पण जागे झालेले कधी कधी घरातच धुमाकूळ घालतात. आतडं सुजतं. जुलाब झाले, रक्त पडलं, तर लगेच सांगायचं. औषध थांबवावं लागतं."

लग्न होऊन आली तेव्हापासून धाकटीचंच सगळं फळत आलं होतं. तिच्या शेळ्या जुळी द्यायच्या. तिला दोन लेकरं. थोरलीची कूस रिकामी. अनुसयाबाईनं तीच लेकरं अंगाखांद्यावर वाढवली, कधी ब्र काढला नाही. आता गाठसुद्धा हिचीच विरायची होती.

औषधाच्या पुढच्या सुईच्या आधी जिवनबाई रात्रंदिवस पोट धरून उठू लागली. एका सकाळी संडासातून आली ती भिंतीला धरतच.

"रगत हाय?" अनुसयाबाईनं विचारलं.

"सांगू नका, अक्का. औशद बंद करतील. मला लेकरांची लग्नं बघायचीत. माजी आन हाय तुमाला."

अनुसयाबाईनं मान हलवली. त्या दिवशी दळण निवडताना ती बऱ्याच वर्षांनी गुणगुणत होती. ते ध्यानात आलं तशी गप्प झाली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पोट कसं आहे?"

"बराबर हाय," जिवनबाई म्हणाली.

"खोटं हाय मॅडम! रगत पडून राहिलं हिला."

अनुसयाबाईचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला होता. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. जिवनबाई थोरलीकडं नुसती बघत राहिली. तिला तसंच भरती केलं आणि औषध बंद झालं. त्या रात्री अनुसयाबाईला गाढ झोप लागली.

काही दिवसांनी डॉक्टर तिला वॉर्डाच्या दारात भेटली.

"अजून उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं. तुम्ही जाऊबाईंना वाचवलंत."

अनुसयाबाई चपलांकडं बघत राहिली. "मग आता तिची गाठ वाढंल?"

"सांगता येत नाही. पण सध्या तरी औषधाशिवाय विरतेच आहे. एकदा जागे झालेले राखणदार कधी कधी पुढंही काम करत राहतात."

खाटेवर जिवनबाईनं तिचा हात धरला. "मी लई रागावले होते, अक्का. पर मायनंबी येवढं केलं नसतं."

"गप पड."

"तुमचीबी विरंल. बघा तुमी."

अनुसयाबाईनं हात सोडवून घेतला. डब्याचं झाकण काढलं. पेजेची वाफ वर आली. तिनं चमचा भरला आणि तसाच धाकटीच्या तोंडाकडं नेला. गाठीनं आतून सोललेल्या गालाचं ते तोंड विश्वासानं उघडलं.

चमचा मध्येच थांबला. अनुसयाबाईनं तो मागं घेतला आणि त्यावर हळूहळू फुंकर घालू लागली.