एक जूनच्या पानावरची शिवकन्या

मी एक जुनी दाखल-खारीज वही आहे, मित्रांनो. शाळेत कोण आलं आणि शाळेतून कोण गेलं, एवढंच माझ्यात लिहितात. बीडच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ, पानापानावर निळ्या रेघांचे रकाने. पाटोद्याहून येणाऱ्या एसटीत शिपायाच्या मांडीवर बसून मी या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आले. वाटेत ठरवलं होतं, आपण आयुष्यभर खरं तेच लिहून घ्यायचं. कोरी होते, म्हणून असं वाटलं.

पहिल्या दिवसापासून सुंदरराव गुरुजींनी मला सांभाळलं. तपासणीला आलेले साहेब माझी पानं उलटून म्हणायचे, रेकॉर्ड असावं तर असं! गुरुजी लाजायचे आणि मी फुगायचे. साहेबांनी कधी तारखा वाचल्या असत्या तर मात्र आमची दोघांची पंचाईत झाली असती. कारण माझ्या पानांवरचं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. एका दिवशी एवढी बाळंतपणं करताना त्या सुईणीला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसणार.

त्याचं असं होतं, की पोरं जन्मायची उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत, कुठल्या तरी लांबच्या कारखान्याच्या हद्दीत. तिथं जन्माचा दाखला कोण काढणार? मग आई-बाप पोराला शाळेत आणायचे आणि गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. हात कानाला पुरला की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जन्म एक जूनचा.

दोन हजार तेराच्या जूनमध्ये परमेश्वर आपल्या लेकीला, शिवकन्येला, घेऊन आला. ती फार तर साडेचार वर्षांची होती. हात डोक्यावरून गेला, पण कान दोन बोटं लांब राहिला. त्या वर्षी शाळेचा पट साठावर अडकला होता. एकसष्टावं नाव मिळालं तर तिसरा शिक्षक टिकणार होता. शिवाय नाव दाखल झालं तर ही पोर ऊसतोड्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवली असती, नाहीतर आईमागं फडात धूळ खात फिरली असती. गुरुजींनी हसत हसत तिची मान हाताकडं जराशी वाकवली. कान हाताला लागला. ‘पुरला,’ असं म्हणून त्यांनी माझ्यात लिहिलं : जन्म एक जून दोन हजार सात.

पुढं संगणक आला. पोरांची माहिती त्यात जाऊ लागली. मी खिचडीच्या तांदळाच्या गोण्यांमागं, मोडक्या तराजूखाली जाऊन पडले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. गुरुजी निवृत्त झाले. कुणाला नोकरीसाठी नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी जुनी तारीख लागली, की तेवढ्यापुरती मला फडक्यानं पुसत.

यंदा दसऱ्याच्या आधी मला परमेश्वरानं बाहेर काढायला लावलं. वय लहान म्हणून पहिलीतच दोन वर्षं जास्त बसलेली शिवकन्या आता पाटोद्याला अकरावीत शिकते, आणि त्यानं तिचं लग्न ठरवलं होतं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. नवऱ्या मुलाच्या घरी तो अर्धा कोयता दसऱ्यानंतर ऊस तोडायला निघायच्या आत पुरा करायचा होता. पण हल्ली मंडपवालासुद्धा नवरीच्या वयाचा कागद मागतो. म्हणून परमेश्वर मुख्याध्यापिका आम्रपाली मॅडमकडं माझ्यातला उतारा मागायला आला. मॅडमनी मुलगी लहान दिसते म्हणून चाचरत विचारलं, तर त्यानं माझ्यावर बोट ठेवलं.

“जूनमधीच अठरा भरली मॅडम. मी न्हाई म्हनत, तुमचीच शाळा म्हनती.”

मॅडमनी उतारा दिला. कागद खोटा म्हणायचा तर हातात दुसरा कागद लागतो, आणि तो त्यांच्याकडं नव्हता. मित्रांनो, बापाच्या हातात मीच तो कागद दिला होता.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या कॉलेजच्या एसटीतून उतरली ती घरी न जाता शाळेत आली. तिला बारावी करून नर्सिंगला जायचं होतं. ती रडली नाही. मॅडमना म्हणाली, मी शाळेत आले तेव्हा माझा हात कानाला पुरतच नव्हता, गुरुजींनी मान वाकवून पुरवला. आई ही गंमत अजून पाहुण्यांना हसून सांगते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक-शून्य-नऊ-आठ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावला.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात सगळे जमले. गावातला बालविवाह रोखायची जबाबदारी ज्यांच्यावर असते ते ग्रामसेवक बद्रीनाथ भाऊसाहेब आले. अंगणवाडीच्या बायनाबाई आपली तेलाच्या डागांची वही घेऊन आल्या. त्या वहीत पोरांची वजनं होती, आणि शिवकन्येचा जन्म दोन हजार आठच्या दिवाळीनंतरचा होता. त्या वहीला पट टिकवायचा नव्हता, म्हणून तिला खोटं बोलायची गरजच पडली नव्हती. तिच्या हिशोबानं शिवकन्येचं सतरावंसुद्धा सरायचं होतं. मी तिच्याशेजारी टेबलावर पडून होते आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

भाऊसाहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि म्हणाले, कायदा आधी शाळेचा कागद बघतो. तो खोडायचा तर ज्यानं लिहिला त्यानंच सांगावं लागेल. मग सुंदरराव गुरुजींच्या घरी बोलावणं गेलं.

गुरुजी आले. खिशाला अजून पेन होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेलं अर्धं गाव खिडकीशी उभं होतं. परमेश्वर आधी बोलला, हळूच, जसं आपल्या माणसाला सांगावं तसं.

“गुरुजी, इचार करून बोला. तुमाला पेन्शन हाय.”

शिवकन्येनं वर पाहिलं. “गुरुजी, माझा हात पुरला होता, का तुमी माझी मान वाकविली होती?”

गुरुजींनी माझं ते पान उघडलं आणि आपल्याच सहीवर बोट ठेवलं. मी वाट पाहत होते. आता ते म्हणतील, पोरीच्या भल्यासाठी केलं. तेही अर्धं खरंच होतं, आणि गावानं ते मान्यही केलं असतं.

“मान वाकविली,” गुरुजी म्हणाले. “पोरगी साडेचारची होती. मला एकसष्टावं नाव पायजे होतं.”

भाऊसाहेबांनी जबाब लिहून घेतला. गुरुजींनी खाली सही केली. लग्न थांबलं. परमेश्वरानं अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही, असं लिहून दिलेल्या कागदावर अंगठा उठवला आणि शाई पुसत गुरुजींना म्हणाला,

“तवा बी तुमचंच खरं, आन आता बी तुमचंच खरं. आमी अंगठेवाले कावून मधी? आन मला सांगा, ही जवान पोरगी सहा म्हैने कुनापाशी ठिवून जाऊ? म्हातारी आय औंदाच गेली.”

प्रश्न खोटा नव्हता. लग्नाची घाई निम्मी कोयत्याची होती, निम्मी या भीतीची. शेवटी मॅडमनी पाटोद्याच्या मुलींच्या वसतिगृहाला फोन लावला. जागा होती, पण जवळ राहणारा पालक हवा होता. गुरुजींनी फॉर्म पुढं ओढला आणि सही केली.

“ही तरी सही खरी हाय का?” परमेश्वरानं विचारलं.

“हाय,” गुरुजी म्हणाले.

दसरा झाल्यावर परमेश्वर आणि त्याची बायको टोळीच्या ट्रकनं गेली. शिवकन्या वसतिगृहात गेली. गुरुजींना शिक्षण खात्याच्या ऑफिसातून नोटीस आली आहे, चौकशी चालू आहे. ती यायलाच हवी होती, असं ते स्वतःच म्हणतात.

आणि मी? मी आता मॅडमच्या टेबलावर असते. परवा त्यांनी शिवकन्येचं पान पुन्हा उघडलं. त्या पानावर आणखी सहा मुली एक जूनच्या आहेत. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात त्यांच्यापुढं लिहिलंय : सतत गैरहजर. स्थलांतर. पालकांची विनंती. या रकान्यात ‘लग्न’ हा शब्द मी आजवर एकदाही लिहून घेतलेला नाही. बायनाबाईंच्या वहीप्रमाणं त्या सहांपैकी दोघी आजही अठराच्या आत आहेत. दोघींच्याही कडेवर लेकरं आहेत.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी गुरुजी होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी नर्स. लेकराचं वय लिहायची वेळ आली, की जेवढं असेल तेवढंच लिहा. हात पुरत नसेल तर नाही पुरला म्हणा, आणि त्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलवा. चुकून खोटं लिहिलं गेलं, तर आपली सही शोधून त्यावर बोट ठेवा, पण ते वेळेत ठेवा. त्या दोघींच्या वेळी माझ्यावर बोट ठेवायला कुणी आलं नव्हतं. मी इथंच गोण्यांमागं होते.