शेंदरी गाठींची जात

कृषी अधिकाऱ्यानं काकीच्या रोपाचं पान भिंगातून न्याहाळलं आणि म्हणाला, "मावशी, ही नवी जात वगैरे काही नाही. कीड आहे. परदेशातून आलेला कोळी-किडा. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तो पानातला रस शोषतो, म्हणून या गाठी येतात."

काकीच्या पायाखालची जमीनच सरकली. शोभेच्या बुटक्या संत्र्यांची रोपवाटिका तिची. काकांनी दोन सालांमागे प्रदर्शनातून एक परदेशी रोप आणलं. त्याच्या पानांवर शेंदरी, मखमली गाठी उठल्या, तेव्हा ती हरखून गेली होती. मुद्दाम गाठींच्याच फांद्या निवडून तिनं कलमं बांधली आणि घरोघर वाटली. कौतुकाची हौस भारी वाईट.

"तरी मी म्हणत होतो," काका म्हणाले.

"काय म्हणत होता? फोटो काढ, फोटो काढ, हेच ना?"

काकांनी मोबाइल खिशात सरकवला.

अंगणातलं थोरलं संत्र्याचं झाड काकीच्या वडिलांच्या हातचं. त्याच्या दोनच फांद्यांना लागण होती. अधिकारी म्हणाला, "एवढ्या फांद्या छाटा, झाड वाचेल. पण आसपास एकही रोगट रोप राहता कामा नये. वाऱ्यावर पसरतो हा."

काकी दारोदार फिरली. दिलेली वस्तू परत मागताना जीभ रेटेना. शिंपीणबाईनं कुंडीसकट रोप हातात ठेवलं. मास्तरांनी आधी चार शब्द सुनावले, मग दिलं. दुपारपर्यंत हातगाडी भरली आणि मागच्या आवारात सगळं जाळलं. काकीला जरा धीर आला.

उरलं होतं ओढ्याकाठचं धाकट्या जावेचं घर.

"परत कशाला मागता, ताई? मागं तर या!" जाऊ तिला हाताला धरून घेऊन गेली.

मागच्या बांधावर ओळीनं तीस-चाळीस रोपं उभी होती. सगळ्यांचे शेंडे शेंदरी.

"तुमचंच बघून शिकले. निवडून निवडून गाठीवाल्याच फांद्या घेतल्या. पलीकडच्या गावातल्या बायका तर वेड्याच झाल्यात. परवा टेम्पो भरून गेला."

वारा ओढ्यावरून सरळ काकीच्या अंगणाकडे वाहत होता.

"छान जगवलीस गं," काकी म्हणाली. ती घराकडे वळली.

घरी काका शिडीवर चढून थोरल्या झाडाच्या छाटलेल्या जागांवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम जपून फासत होते.

"उतरा खाली," काकी म्हणाली. "ओढ्याकडचा वारा आहे, आता हे वाचायचं नाही. बुंध्यापासूनच कापा. दोरी मी धरते."