आजोबांची काठी नदीत पडली त्या दिवशी

मी एक म्हातारा रिट्रीव्हर कुत्रा आहे आणि पाणी सोडायला मी तयार नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला समजावत बसायला नको.

माझी घडणच पाण्यासाठी झाली आहे. बोटांमध्ये पडदे आहेत, अंगावर दाट तेलकट केस आहेत आणि शेपूट सुकाणूसारखे वळते. जबड्याची पकड इतकी हलकी की तोंडात अंडे दिले तरी तडा न जाता परत मिळेल. नदीवर होडी चालवणाऱ्या आजोबांनी मला दोन महिन्यांचा असताना आणले. त्यांच्या होडीवर मी नऊ वर्षे इमानेइतबारे नोकरी केली. उतारूंच्या टोप्या, चपला, एकदा तर एका वकिलाची पिशवी मी पाण्यातून काढून दिली. तो "ओली झाली की हो!" म्हणून माझ्यावरच ओरडला. नदीत पडलेली पिशवी काय इस्त्री होऊन येणार?

रोज काम संपले की आजोबा जुन्या सदऱ्याने माझे कान पुसायचे. लोंबत्या कानांत ओल कोंडते, हे त्यांना ठाऊक होते. पुढे त्यांचे गुडघे गेले. काठीशिवाय पाऊल टाकता येईना, म्हणून होडी मुलाकडे गेली. मी पोहत राहिलो, पण कान पुसायचे कुणालाच सुचले नाही. कान पिकले, घरभर वास सुटला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्याचा काही दोष नाही. पोहून आल्यावर कान कोरडे करता का?"

औषधाने मी बरा झालो, पण सूनबाईंनी निकाल दिला, "रोज कोण पुसत बसणार? पाणीच बंद."

मला साखळी लागली. मी भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतले. शेवटी मला गोदामाच्या राखणदाराला द्यायचे ठरले. तिथे पाणी म्हणजे फक्त पिण्याची बादली. मला भीती वाटली, हे कबूल करतो. राग त्याहून जास्त आला.

राखणदार मला न्यायला नदीकाठी आला तेव्हा आजोबा तिथेच बसले होते आणि सूनबाई माझी साखळी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हातातली काठी सरळ नदीत भिरकावली.

"अहो बाबा, हे काय!" सूनबाई ओरडल्या.

"पडली," आजोबा म्हणाले. "आता मी घरी कसा जाणार? ज्याला आणता येते त्याला सोड."

मुलगा होडी घेऊन पलीकडे गेला होता. राखणदार म्हणाला, "मला नाही बुवा पोहता येत." काठी धारेला लागली. सूनबाईंनी निमूटपणे साखळी सोडली.

मी उडी मारली. पाणी अंगाला लागताच इतके बरे वाटले की काठी धरून मुद्दाम एक फेरी जास्त मारली. मग ती आजोबांच्या पायाशी ठेवली आणि सगळे पाणी सूनबाईंच्या अंगावर झटकले.

"बाबा, उद्या पुन्हा फेकणार ना तुम्ही?" त्यांनी विचारले.

"रोज."

सूनबाईंना हसू आवरेना. त्यांनी राखणदाराला रिकाम्या हाताने परत पाठवले आणि विचारले, "तो जुना सदरा कुठं ठेवलाय?"

मित्रांनो, माझ्यासारख्याला पाळाल तर त्याची कीव करू नका. त्याला पोहू द्या आणि बाहेर आला की कान पुसा. एवढे जमत नसेल तर मला आणूच नका. साखळी कितीही जाड आणली तरी मी ओढणारच आहे.