नागोया ते कानाझावा, घाटातून

मे महिन्यातल्या सुट्ट्या संपल्या आणि पूर्वीने शाळेत जाणं बंद केलं ते केलंच. आधी पोट दुखायचं, मग डोकं. पुढे काही दुखेनासं झालं आणि नुसतं खोलीचं दार बंद राहू लागलं. तेरा वर्षांची पोर. सुप्रभा दाराबाहेर ताट ठेवायची आणि तासाभराने अर्धवट खाल्लेलं उचलायची. अधूनमधून बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा, मुलगी घरात असल्याची तेवढीच खूण.

नवरा, नरेंद्र, नागोयातल्या एका मोटारकंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. पाच वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आले तेव्हा पूर्वी तिसरीत होती. बघता बघता ती घरातसुद्धा जपानीतच उत्तरं द्यायला लागली, आणि आता तीही देईना. वर्गशिक्षिका एकदा येऊन गेल्या. गुडघे जुळवून बसल्या, चहाला हात लावला नाही. "वर्गात काहीच अडचण नाही," एवढंच पुन्हापुन्हा सांगितलं.

जूनमध्ये एका सकाळी नरेंद्रचा तोल सुटला. दारावर लाथा घालत तो ओरडला, "कोणासाठी राबतोय मी इथे?" त्या दिवसापासून त्याची पावलं वाजली की पूर्वी आतला दिवा घालवायची. पुढे तो दाराशी बसून रडला, माफी मागितली. दिवा काही लागला नाही.

डॉक्टर झाले, समुपदेशक झाले, पुण्याहून आजीचे फोन झाले. काहीच उरलं नाही तेव्हा सुप्रभाने सहलीचा ध्यास घेतला. लहानपणी गाडीत मागे बसून पूर्वी अखंड बडबडायची, तेवढ्या आठवणीवर. ती स्टेशनातून माहितीपत्रकं आणायची, नकाशा पसरायची आणि दुपारी बंद दाराला पाठ टेकून आतल्या शांततेला बेत सांगत बसायची.

"कानाझावाला जायचं. हायवेने गेलं तर नुसते बोगदे गं. आपण ताकायामावरून जुन्या घाटाने जाऊ. नोव्हेंबरात सगळा डोंगर लाल असतो म्हणे. मग शिराकावाची गवती छपरांची घरं. आणि कानाझावाला तुझी ती कच्ची कोळंबी. तू खा, मी तोंड फिरवून बसेन."

नरेंद्र म्हणायचा, "सुप्रभा, ती स्वयंपाकघरापर्यंत येत नाही, आणि तू तिला डोंगरापार नेणार?"

"मग दुसरं काय करू, ते सांग!"



ठरलेला शनिवार उजाडला. डबे भरले, गाडी खाली उभी राहिली. सुप्रभाने दार वाजवलं, विनवलं, शेवटी कपाळ टेकून उभी राहिली. दार उघडलं नाही. नरेंद्र किल्ली ठेवायला लागला तशी ती एकदम म्हणाली, "तू जा. एकटा जा आणि जागोजागी थांबून फोन कर. मी फोन दाराशी धरते."

"मला कुठे वर्णन करता येतं?"

"येईल तसं कर. पण जा."

तो गेला. ताकायामाहून पहिला फोन आला. "पूर्वी, नदी आहे इथे. स्वच्छ आहे. बाकी… नदीच आहे." पुढचा घाट चढताना आला. "चढ बराच आहे. पानं लाल आहेत, म्हणजे, पुढच्या गाडीने रात्री ब्रेक दाबल्यावर दिसतं ना, तसं लाल." दाराच्या पलीकडे काहीतरी हललं. सुप्रभाने फोन दाराच्या फटीशी सरकवला.

मग बराच वेळ फोन नाही. आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना.

"सुप्रभा, बर्फ पडतोय. एकदम सुरू झाला. टायर साधेच आहेत गं. गाडी घसरली, मागचं चाक गटारात गेलंय. पलीकडे दरी आहे. माणूस नाही, काही नाही. अंधारून आलंय."

घाटाची वाट तिनेच आखली होती. मोबाइल जमिनीवर तसाच चालू ठेवून तिने घरच्या फोनवरून रस्त्यावर मदत देणाऱ्यांचा नंबर लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने, अतिशय भराभर बोलत होता. तिचं जपानी भाजी आणि कचऱ्याच्या पिशव्यांपुरतं. "बर्फ! नवरा! डोंगर!" ती ओरडत राहिली. तो पुन्हा तेच विचारत होता, तिला एक अक्षर कळत नव्हतं. "अहो, मरेल तो!" शेवटी ती मराठीतच किंचाळली.

तिच्या हातातून कोणीतरी फोन घेतला.

पूर्वी. केस खांद्याखाली आलेले, चेहरा पांढराफटक, मनगटं काड्यांसारखी. कित्येक महिन्यांत न वापरलेल्या घोगऱ्या आवाजात ती जपानीत बोलू लागली. मग वाकून मोबाइल उचलला. "बाबा, रस्त्याकडेला आकडा लिहिलेला खांब दिसतो का? गाडीतून उतरू नकोस. काचेतून बघ."

त्याने आकडा वाचला. तिने तो पुढे सांगितला. बर्फ काढणारा ट्रक निघाला होता, पण वेळ लागणार होता.

"पूर्वी, तू बोलतेयस," नरेंद्र म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"तूही बोलत राहा. गप्प बसू नकोस."

"काय बोलू? तूच सांग. बाळा, काय झालं होतं शाळेत?"

सुप्रभाला वाटलं, आता ही फोन ठेवणार. पूर्वी भिंतीला टेकून खाली बसली.

"काहीच झालं नाही," ती म्हणाली. "कोणी मारलं नाही, चिडवलं नाही. एक दिवस सगळ्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी मी तिथे नाहीच असं. जानेवारीपासून. वर्गावरच्या बाईंना, सेन्सेईंना, दिसत होतं. बाबा, मला वाटायला लागलं, मी खरंच नाहीये."

"आहेस," नरेंद्र कसाबसा म्हणाला. "आहेस गं." आणि तो दारावर घातलेल्या लाथांबद्दल बोलू लागला. "ते नंतर," पूर्वी म्हणाली. "काच वर आहे ना? हीटर चालू आहे?"

ट्रक येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. सुप्रभाने तिच्या खांद्यावर पांघरूण टाकलं, ते तिने राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरेंद्र घरी आला. पूर्वी टेबलाशी बसून वरणभात खात होती. तोही ताट वाढून घेऊन तिच्यासमोर बसला. सोमवारी दार पुन्हा बंद झालं. त्या शाळेत ती परत कधीच गेली नाही. पण सुप्रभा गेली, नरेंद्रला घेऊन. मुख्याध्यापकांसमोर तिने जपानीत घोकलेलं एकच वाक्य म्हटलं, "माझ्या मुलीशी कोणी बोलत नव्हतं." त्यांनी मान खाली घातली. ते उत्तर देईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.